भरून न येणारी पोकळी

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाचे ताट समोर असताना हे कोठले सुतक, असे कुणाला वाटले तर ते रास्तच आहे. पण मी ज्या मरणाविषयी लिहिणार आहे ते घरातले नव्हे. ते दूरचे, मोठ्यांचे आणि सार्वजनिक मरण आहे, आणि माझी खरी तक्रार मरणाबद्दल नसून त्यावर आपण जे लिहितो त्याबद्दल आहे. ही तक्रार पहिल्यांदा माझ्यावरच लागू पडते. तेव्हा सुरुवात स्वतःपासून करतो.

वैनगंगेच्या अल्याड चंद्रपूर जिल्हा आणि पल्याड गडचिरोली. नदीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका वसतिगृहाच्या शाळेत मी खालच्या वर्गांना मराठी शिकवितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दोन-तीन कादंबऱ्या नावावर आहेत, पण गावात माझी ओळख कादंबरीकार म्हणून नाही. शोकसभेचे भाषण लिहून देणारा म्हणून आहे. कोणी थोर माणूस गेला, की सरपंचांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचा निरोप येतो, ‘गुरुजी, दोन शब्द लिहून द्या.’ मीही वही काढतो आणि देतो लिहून. त्या वहीत एक भाषण आहे. ‘काळाने घाला घातला’ येथून ते निघते, ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’, ‘दीपस्तंभ’, ‘अजातशत्रू’ अशी मुक्कामाची गावे घेत घेत ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ येथे पोचते. नाव आणि तारखा तेवढ्या बदलावयाच्या. गेली कित्येक वर्षे हे भाषण एकाही सभेत नापास झालेले नाही.

माजी पंतप्रधान मनमोहनसिंग २६ डिसेंबर २०२४ रोजी रात्री दिल्लीत वारले. वय ९२ होते. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, आमच्या शाळेत शोकसभा झाली. भाषण अर्थात वहीतले. मुले थंडीत कुडकुडत ओळीने उभी होती. दोन मिनिटे शांतता पाळून झाली, मुले वर्गात गेली, आणि चौथीतल्या एका पोराने मला गाठले. हा मुलगा धानोरा तालुक्यातला, वसतिगृहात राहणारा. त्याने विचारले, ‘‘सर, पोकळी झाली म्हंता, तं तिच्यात रायते कोन?’’

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्याने समजावून सांगितले. त्याच्या घरामागे मोहाचे जुने झाड आहे. त्याच्या खोडात पोकळी आहे आणि तिच्यात दरवर्षी राघू पिले घालतात. बांबूतही पोकळी असते. तिच्यात पाणी भरून नेता येते. पोकळी म्हटली, की तिच्यात काहीतरी असायचेच. मग या पंतप्रधानांच्या पोकळीत काय आहे, एवढेच त्याला हवे होते.

मी त्याला काहीतरी सांगून वर्गात पिटाळले. पण तो प्रश्न काही गेला नाही. ज्या शब्दाला मी वर्षानुवर्षे शोकाचा परमावधी समजत आलो, त्या शब्दाच्या आत मी एकदाही डोकावून पाहिले नव्हते, आणि एका पोराने त्यात हात घालून ‘आत काही नाही’ असे दाखवून दिले होते.

त्या आठवड्यात सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. शनिवारी, २८ डिसेंबरला, यमुनेच्या काठी निगमबोध घाटावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. आम्ही ते शाळेच्या दूरदर्शन संचावर पाहिले. तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव, तिन्ही दलांचे जवान, बिगुलाचे ते शेवटचे लांबलेले सूर, बंदुकांच्या फैरी. पाहता पाहता मला एक गोष्ट जाणवली, ती अशी, की या विधीमध्येही माझ्या भाषणासारखेच सगळे ठरलेले आहे. ध्वजाची केशरी पट्टी मस्तकाकडे असावी, असा नियम आहे. ध्वज चितेवर जाळावयाचा नाही, असाही नियम आहे. अग्नी देण्यापूर्वी तो काढून घेतात. राष्ट्र आपले वस्त्र त्या माणसावर पांघरते आणि वेळ आली की ते सन्मानाने परत घेते. पुढचा माणूस घरच्यांचा. हे कोणासाठी बदलत नाही. बोलक्या नेत्यालाही तेच सूर आणि अबोल नेत्यालाही तेच.

मग विधी ठरीव असूनही तो पाहताना गळा दाटून येतो, आणि माझे भाषण ठरीव असले तर एक पोरगा त्यातली हवा काढून घेतो, हे कसे?

उत्तर मला आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीने दिले. दिवाळी सरली, धान घरात आले, की आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडईच्या निमित्ताने गावोगाव मंडप पडतात आणि रात्र रात्र नाटके चालतात. नांदीने नाटकाला प्रारंभ होतो. रोज तीच नांदी म्हटली तरी प्रेक्षक उठून जात नाहीत. तिने पुनःपुन्हा तेच म्हणावे, अशीच त्यांची अपेक्षा असते. पण पडदा वर गेल्यावर कालचेच नाटक आज दाखविले, तर मंडपातली माणसे तिकिटाचे पैसे मागतील. शासकीय इतमाम ही नांदी आहे. ती सगळ्यांना सारखी हवी. तिच्या सारखेपणातच तिचे सामर्थ्य आहे. मृत्युलेख हे नाटक आहे. ते प्रत्येकाचे वेगळे हवे.

आणि आपण नेमके उलटे करून बसलो आहो. जे सारखे असावयास हवे त्यावर आपण भांडतो, आणि जे वेगळे असावयास हवे ते साच्यातून काढतो. मनमोहनसिंगांचे पार्थिव घरी होते तेव्हाच दिल्लीत पक्षापक्षांत वाद पेटला, की अंत्यसंस्कार कोठे व्हावेत आणि स्मारकाला जागा कोठली मिळावी. कोणाला कोठला घाट, यावर आपण हमरीतुमरीवर येतो. पण कोणाला कोठले शब्द, याची आपल्याला पर्वा नसते. सगळ्यांना तीच पोकळी.

विद्यार्थ्यांची उत्तरे तपासताना मास्तर लोक एक युक्ती करतात. मृत्युलेखालाही ती लागू करून पाहावी. लेखातल्या नावावर अंगठा ठेवावा आणि बाकीचा मजकूर वाचावा. कोण वारले ते कळले, तर तो मृत्युलेख. न कळले, तर तो नुसता कागद.

ही कसोटी मी महाराष्ट्रातल्या एका फार मोठ्या मरणाला लावून पाहिली. यशवंतराव चव्हाण २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत वारले. इंदिरा गांधींची हत्या होऊन महिनाही झाला नव्हता. देश एका शोकातून उठला नव्हता तोच महाराष्ट्राला हा दुसरा. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही चारही मोठी खाती सांभाळलेले आणि काही काळ उपपंतप्रधान झालेले ते गृहस्थ. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर शासकीय इतमामात त्यांना निरोप दिला गेला आणि तेथेच त्यांची समाधी आहे. मी तेव्हा अगदी लहान होतो. पुढे शिक्षक झाल्यावर, पुण्यतिथीची भाषणे लिहिण्याच्या निमित्ताने, त्यांच्यावरचे जे जे लेखन हाती आले ते वाचले. त्यातल्या बहुतेक लेखांचा डोलारा एकाच वाक्यावर उभा आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणाला. त्या दिवशी ते वाक्य शोभून दिसले. लोकांच्या मनात भीती होती, आणि भीतीला डोंगराचा आधार वाटतो. पण बावीस वर्षांनी माणूस गेला तेव्हाही आपण तेच म्हणालो, आणि आजही तेच म्हणतो. या वाक्यात डोंगर दोन आहेत, माणूस एकही नाही. सह्याद्रीच्या जागी सातपुडा घाला, दुसरा कोणीही त्यात बसेल.

याच्याशेजारी त्या माणसाचे स्वतःचे लिहिणे ठेवा. चव्हाणांनी आत्मचरित्र तीन खंडांत लिहावयाचे योजिले होते: ‘कृष्णाकाठ’, ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’. पहिला खंड तेवढा १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी लेखणी थांबली. मुंबईचे आणि दिल्लीचे खंड मनातच राहिले. त्या तीन नावांकडे पाहा. त्यांत डोंगर नाही. तिन्ही ठिकाणी पाणी आहे, आणि लेखक पाण्याच्या मधोमध नसून काठावर आहे. वाहत्या गोष्टीकडे काठावरून पाहणे, हा त्या माणसाच्या मनाचा पिंड. याच स्वभावापायी त्यांना हयातीत ‘कुंपणावर बसणारे’ म्हणून टोमणे खावे लागले, आणि राजकारणात काही वेळा ते टोमणे अगदीच अनाठायी नव्हते. चांगल्या मृत्युलेखकाने येथे थांबावयास हवे होते. काठावर बसणे आणि कुंपणावर बसणे यांत अंतर किती, एकच स्वभाव लेखणीत गुण आणि सत्तेत दोष कसा होतो, हा केवढा थोरला प्रश्न होता! तो विचारला असता तर अंगठ्याखालचे नाव आपोआप वर आले असते. पण डोंगराला काठही नसतो आणि कुंपणही नसते. त्यामुळे तो प्रश्न कोणाला पडलाच नाही.

त्यांच्या शाळकरी वयातली एक गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. वडील लहानपणीच गेलेले, आईने कष्टाने वाढविलेला हा मुलगा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात होता. तू पुढे कोण होणार, असा प्रश्न गुरुजींनी मुलांना विचारला. मुलांनी थोरामोठ्यांची नावे सांगितली. या मुलाने सांगितले, की मी यशवंतराव चव्हाण होणार. ही गोष्ट आपण मुलांना स्वाभिमानाचा धडा म्हणून सांगतो. मला ती आता मृत्युलेखकांना दिलेली ताकीद वाटते. ज्याने बालपणी आपल्याला दुसऱ्या कोणाचे नाव नको, आपण आपणच होणार, असे सांगितले, त्याला मरणानंतर आपण डोंगर करून टाकले. त्याने मागितलेली एकच गोष्ट आपण त्याला दिली नाही.

हे सगळे पुस्तकी झाले, असे कोणी म्हणेल. मग घरातले सांगतो. आमच्या मोठेबाबांना चव्हाणांच्या मरणाची बातमी रेडिओवर कळली. आई सांगते, ते काही बोलले नाहीत. उठले, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली, आपले मॅट्रिकचे प्रमाणपत्र बाहेर काढले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि परत ठेवून दिले. त्यानंतर नेहमीप्रमाणे बैल सोडावयास गेले. आईला त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. पुढे मोठेबाबांनीच सांगितला. चव्हाण मुख्यमंत्री असताना, वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना फी माफ झाली. ई. बी. सी. म्हणतात ती सवलत हीच. मोठेबाबा त्या सवलतीवर मॅट्रिक झाले. आमच्या घराण्यात मॅट्रिक होणारे ते पहिले. मीही त्याच पायरीवर थांबलो, पण ती पायरी मुळात होती म्हणून थांबता तरी आले. पेटीतला तो कागद पुसणे हा मी पाहिलेला, खरे म्हणजे ऐकलेला, चव्हाणांवरचा सर्वोत्तम मृत्युलेख होय. त्यात एकही विशेषण नाही. अंगठा ठेवा, तरी नाव दिसते.

आता आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. चव्हाण दिल्लीला गेले तेव्हा महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाची रिकामी खुर्ची आमच्या माणसाकडे आली. मूल तालुक्यातल्या मारोड्याचे मारोतराव कन्नमवार २० नोव्हेंबर १९६२ रोजी मुख्यमंत्री झाले, आणि वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच वारले. अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींची हत्या होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. साऱ्या जगाचे डोळे तिकडे लागलेले. आज मुंबईत विक्रोळीला कन्नमवार नगर आहे. तेथे राहणाऱ्यांपैकी मारोडा कोठे आहे हे किती जणांना ठाऊक असेल, हा भाग निराळा.

तर आमच्या शाळेच्या फळ्यावर २४ नोव्हेंबरला कन्नमवारांची पुण्यतिथी येते आणि २५ नोव्हेंबरला चव्हाणांची. एका वर्षी मी दोन्ही दिवशी वहीतले तेच भाषण वाचले. दुसऱ्या दिवशी घंटा वाजविणारे आमचे शिपाईकाका अगदी भोळेपणाने म्हणाले, ‘‘गुरुजी, काल अर्धं राहून गेलं होतं का?’’ त्या दिवशी मी हसलो होतो. खरे म्हणजे तेव्हाच लाज वाटावयास हवी होती. एकाने दुसऱ्याची खुर्ची घेतली, एक काठावर बसून पाहणारा, दुसरा पदावर असतानाच संपलेला; एकाच्या मागे समाधी, दुसऱ्याच्या मागे मुंबईतल्या एका वसाहतीचे नाव. लागोपाठच्या दोन तारखांनी केवढी सामग्री आयती हाती दिली होती! आणि मी दोघांनाही दीपस्तंभ करून टाकले. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या मुलांना दीपस्तंभ म्हणजे काय, हेही सांगावे लागते. आमच्याकडे समुद्र कोठे आहे?

मराठीत चांगले मृत्युलेखन झालेच नाही, असे मात्र म्हणता यावयाचे नाही. पंडित नेहरू २७ मे १९६४ रोजी गेले, तेव्हा आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’तून लेखमाला लिहिली आणि तिचे पुढे ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तक झाले. नाव पाहा, तेही ठरावीकच. नेता गेला की सूर्य मावळावयाचाच. विशेषणांचा पूरही तेथे आहे. पण त्या पुराला खोली आहे, कारण हाच लेखक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर तुटून पडला होता. ज्याच्याशी वर्षानुवर्षे भांडलो त्याच्या मरणाने आपण का हललो, याचा तो जणू स्वतःलाच जाब विचारतो आहे. भांडण खरे होते, म्हणून शोकही खरा वाटतो. आपले आजचे मृत्युलेख फिके पडतात याचे एक कारण मला येथे सापडले. मेलेल्याविषयी वाईट बोलू नये, हे सूत्र घरच्या दहाव्याला ठीक आहे. सार्वजनिक माणसाच्या मरणावर ते लावले, की लेखातून माणूसच निघून जातो. ज्याचे काही चुकलेच नाही, त्याचे काही बरोबर आले होते हे आपण कशावरून ओळखावे?

आणि काही शोक शब्दांवाचूनही उत्तम लिहिले जातात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर आमच्या चांद्यात लोकांना धम्मदीक्षा दिली. त्यानंतर एक्कावन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, ते दिल्लीत गेले. ज्यांनी त्यांना ऑक्टोबरात डोळ्यांनी पाहिले होते, त्यांना ते नाहीत हे डिसेंबरात ऐकावे लागले. त्या पिढीतली माणसे आता फार थोडी उरली आहेत. पण अजूनही दरवर्षी डिसेंबर उजाडला, की आमच्या भागातले लोक भाकरी बांधून, मिळेल त्या गाडीने, दादरला चैत्यभूमीकडे निघतात. तेथे ते भाषण करीत नाहीत; रांगेत उभे राहतात, वाकतात, पुस्तके विकत घेतात आणि परत येतात. पोकळी भरून येत नाही, असे ते म्हणत बसत नाहीत. पायांनी ती भरीत राहतात. तसेच पलीकडे भामरागडच्या बाजूला माडिया लोकांत मृताच्या नावाने गावाबाहेर उभा दगड रोवण्याची रीत आहे. दगडावर अक्षर नसते. गावाला माहीत असते, हा कोणाचा. अक्षर नसलेला दगड नाव सांगतो आणि अक्षरांनी भरलेला आमचा लेख नाव लपवितो, याला काय म्हणावे!

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे वळतो. मनमोहनसिंगांच्या पोकळीत काय आहे?

त्या आठवड्यात हाताशी आली ती वृत्तपत्रे मी वाचली. १९९१ चा अर्थसंकल्प, विद्वत्ता, सचोटी, मितभाषीपणा, निळी पगडी. यातले काही खोटे नाही. पण हे लेख मुंबईत बसून लिहिलेले होते आणि मुंबईला दिसले तेवढेच त्यांत होते. वैनगंगेच्या काठावरून लिहावयाचे तर आरंभ दुसरीकडून करावा लागेल. त्यांच्या कारकिर्दीत, २००६ मध्ये, वनहक्क कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलात माणसे राहिली, त्या जंगलावर त्यांचा हक्क कागदोपत्री मान्य करणारा तो कायदा. त्याचे श्रेय एकट्या माणसाला देणे चुकीचे होईल. त्यामागे आदिवासी संघटनांचा आणि चळवळींचा दीर्घ रेटा होता. पण तो संमत झाला तो त्यांच्या राज्यात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यापूर्वीच दिली होती. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू गावाबाहेर न्यावयाचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचा लागे, आणि बांबू हे झाड की गवत, येथपासून वाद होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रातले मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्याला येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एरवी आमच्या बांबूची वाट बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जात असे. म्हणजे ज्या कागदावर थोरांचे गुणगान छापावयाचे, तो कागद आमचा. त्यावरचा मजकूर मात्र कधी आमचा नव्हता.

आणि त्याच लेखात, त्याच शाईने, दुसरीही गोष्ट लिहावी लागेल. आमचा चंद्रपूर जिल्हा कोळशावर बसलेला आहे. मनमोहनसिंगांच्या काळात कोळशाच्या खाणपट्ट्यांचे जे वाटप झाले, त्यावर मोठे वादळ उठले. काही काळ कोळसा खाते त्यांच्याच हाती होते. त्या आणि त्यापूर्वीच्या वाटपांतले २१४ खाणपट्टे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केले. वैयक्तिक सचोटीविषयी कोणी शंका घेऊ नये असा माणूस, आणि त्याच्या दाराशी झालेला हा कारभार. त्यांनी जंगल लोकांना दिले, आणि त्यांच्याच राज्यात जंगलाखालचा कोळसा अशा रीतीने वाटला गेला. या दोन वाक्यांच्या मध्ये तो अबोल गृहस्थ उभा आहे. यांपैकी एकच वाक्य लिहिले, तर आपण त्याचा दीपस्तंभ तरी करू, नाहीतर गुन्हेगार तरी. माणूस मात्र निसटेल.

उन्हाळ्याच्या सुटीत पोरे घरी गेली. जाताना मी चौथीच्या मुलांना सांगितले, की डिसेंबरात ज्या पंतप्रधानांची शोकसभा झाली त्यांच्याविषयी घरी विचारा आणि तीन ओळी लिहून आणा. पुस्तकातले काही नको. शाळा उघडली तेव्हा बहुतेकांनी काही आणले नव्हते, आणि ते साहजिकच आहे. राघूवाला मुलगा मात्र चुरगळलेला कागद घेऊन आला. अक्षर वेडेवाकडे, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. मी येथे शुद्धलेखन तेवढे सुधारून देतो:

‘ते दिल्लीला राहत होते. त्यांच्या वेळी कायदा झाला. माझे आजोबा आता बांबू तोडताना मागे वळून पाहत नाहीत.’

नावावर अंगठा ठेवण्याची गरज पडली नाही. त्याने नाव लिहिलेच नव्हते.

मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण कापला, कारण कोळशाचे त्याने काही लिहिले नव्हते. पण ते त्याला कळावयाचे वय अजून व्हावयाचे आहे. वहीतले ते जुने भाषण मी फाडून टाकलेले नाही. ते ठेवले आहे, नांदी म्हणून. यापुढे शोकसभेचा निरोप आला तर ते आधी वाचीन, दोन मिनिटे शांत उभा राहीन, आणि मग मुख्याध्यापकांकडे आठ दिवसांची मुदत मागेन. भाषण उशिरा झाले तरी हरकत नाही. गेलेल्या माणसाला काही घाई नसते. आठ दिवसांत मोहाच्या झाडापर्यंत जाऊन, पोकळीत हात घालून, आत काय आहे ते पाहून येता येते.